जिनिंगच्या भिंतीपासून नाल्यापर्यंत

नगरपालिकेत मी कारकून म्हणून लागले तेव्हा कापसाची वाईट वर्षं सुरू झाली होती. शहराच्या घाटंजीकडच्या टोकाला कापसातली सरकी काढणारी एक जुनी जिनिंग होती. ती बंद पडली, यंत्रं भंगारात गेली आणि नंतर भिंतीच्या विटाही लोकांनी उचलून नेल्या. त्या मोकळ्या जागेवर तांड्यांमधून आलेली बंजारा कुटुंबं झोपड्या घालून राहू लागली.

निवडणूक आली की वॉर्डांच्या हद्दी नव्याने पाडायच्या. शहर पसरलं होतं, वॉर्ड वाढले होते. त्यातल्या एका हद्दीचं वर्णन लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी जुनी फाइल काढली आणि तिच्यातलंच वाक्य उतरवलं: ‘पूर्वेस जिनिंगच्या भिंतीपासून नाल्यापर्यंत.’

माझे बाबा याच कचेरीतून निवृत्त झालेले. जेवताना त्यांनी विचारलं, “हद्द पायी फिरून आलीस ना?”

“नकाशा आहे की, बाबा. वेळ कुठे आहे?”

त्यांनी भाकरीचा पुढचा तुकडा मोडला.

मसुदा फलकावर लागला. हरकतींची मुदत संपली, पण एकही हरकत आली नाही. मग विधानसभेची मोठी मतदारयादी फोडून वॉर्डवार याद्या झाल्या. अलीकडच्या वॉर्डाची यादी करणारा माणूस भिंत सापडेना म्हणून वस्तीआधीच्या डांबरी रस्त्यावरच थांबला, पलीकडचा नाल्याशी थांबला. मधली वस्ती दोघांनीही एकमेकांवर सोडली.

हे मला कळलं ते मतदानाच्या दिवशी. माझी नेमणूक शाळेतल्या केंद्रावर होती. सकाळीच त्या वस्तीतली एक म्हातारी आली. कपाळापर्यंत ओढणी, हातात बांगड्यांची चळत, आणि पदराच्या गाठीत जपून आणलेलं मतदार कार्ड. यादीत तिचं नाव नव्हतं. तिला नाल्यापलीकडच्या केंद्रावर पाठवलं. दुपारी ती उन्हातून परत आली, मागे वस्तीतली वीस-पंचवीस माणसं.

“तिथं बी नाही म्हणते,” ती म्हणाली. “गावच्या यादीतून नाव काढून आणलं मी. इथं कार्ड देल्लं तुमीच. मंग मी हाय तरी कुठं, बाई?”

मी यादी पुन्हा पुन्हा चाळली. नाव नाही हे माहीत असूनही चाळली. हद्दीचं ते वाक्य माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, पण तेवढं सांगायचं धाडस मला झालं नाही. “मावशी, आता आज काही करता येत नाही,” एवढंच म्हणाले. ती भांडली नाही. कार्ड पुन्हा गाठीत बांधलं आणि व्हरांड्यात बसून राहिली. मतदान संपल्यावर शिपायाने दार लावलं, तेव्हा उठली.

घरी आल्यावर बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “साहेबांना लेखी दे. चूक माझी, असंच लिही.”

मी लिहून दिलं. समज मिळाली, वेतनवाढ रोखली गेली. पण निवडून आलेल्यांच्या पाच वर्षांत त्या वस्तीला नगरसेवकच नव्हता. नळ मागायला गेलं की दोन्ही वॉर्डांचे लोक दुसरीकडे बोट दाखवत.

पुढच्या वेळी हद्दीचं काम मी मागून घेतलं. नाल्याच्या काठाने चालत गेले, झोपडी-झोपडीत विचारलं, आणि भिंतीचं नाव काढून नाला आणि डांबरी रस्ता लिहिला. यादी छापून आल्यावर ती घेऊन वस्तीत गेले. म्हातारी खाटेवर होती. तिला आता दिसत नव्हतं.

“वाच,” ती म्हणाली.

मी तिचं नाव वाचलं, मग नवऱ्याचं, वय, घर क्रमांक.

“अजून एकडाव वाच.”

त्या मतदानाला सुनेने तिला रिक्षाने आणलं. वस्तीतली आणखी दहा-बारा माणसं आली. बाकीची पोटासाठी केव्हाच दुसऱ्या शहरात निघून गेली होती. संध्याकाळपर्यंत माझ्यासमोरच्या यादीत त्या गेलेल्यांच्या नावांपुढे मत दिल्याची एकही खूण झाली नव्हती.