बाजारातल्या गाड्यांची हजेरी

"रिपोर्ट तयारच हाय, मॅडम. तुमी फकस्त आकडे टाकायचे," अनंतशेठ म्हणाले आणि त्यांनी माझ्यासमोर एक फाईल सरकवली.

कव्हर छापून झालं होतं. 'भिवंडी बाजारपेठेतील पार्किंगची तीव्र टंचाई : एक अभ्यास.' आत सगळी पानं कोरी. गेली सव्वीस वर्षं मी ट्रॅफिक सर्व्हेचं काम करते. रस्त्यावर उभं राहून गाड्या मोजायच्या आणि त्यावरून काय करायला हवं ते सांगायचं. निष्कर्ष आधी आणि मोजणी नंतर, हा प्रकार मला नवा नव्हता. बाइंडिंगसकट निष्कर्ष मात्र मी पहिल्यांदाच पाहिला.

अनंतशेठ हे कापड व्यापाऱ्यांच्या मंडळाचे अध्यक्ष. बाजारपेठेत होलसेलचं दुकान, दापोड्याला गोदामं. मंडळाचं म्हणणं असं की गाडी लावायला जागा नाही, म्हणून गिऱ्हाईक येत नाही. उपाय म्हणजे बाजारामागच्या मैदानावर सात मजली पार्किंग टॉवर. माझा रिपोर्ट जोडला की प्रस्ताव वर महापालिकेकडे जाणार होता. टॉवरचं मॉडेल शेठच्या दुकानात काचेच्या पेटीत ठेवलं होतं. आत इवल्या इवल्या गाड्या होत्या, हिरवी झाडं होती, विजेचे खांबही होते. फक्त त्या मैदानावर रोज सकाळी भाजी विकायला बसणाऱ्या वीस-बावीस बायका त्यात नव्हत्या.

त्या खऱ्या मैदानावर भेटल्या. हिराबाई जवळच्या शेलार गावाहून येतात. वालाच्या शेंगा, भेंडी, अळू. सासू बसायची त्याच जागी त्या बसतात. माझ्या हातातला पॅड बघून त्यांनी ओळखलं.

"बाय, तूच काय ती गाड्या मोजनारी?"

"हो."

"गाड्यांना जागा न्हाय म्हनून आमाला उठवनार, असं बोलतात सगले. खरा हाय?"

मी म्हटलं, अजून काही ठरलेलं नाही. हे वाक्य आमच्या धंद्यात दिवसातून चारदा म्हणावं लागतं आणि समोरच्याला ते कधीच पटत नाही.

"गाडीला चाकं हायत गं," हिराबाई म्हणाल्या. "ती कुठं पन जाईल. आमी कुठं जानार?"

मी पावशेर भेंडी घेतली आणि निघाले. वाईट वाटलं, आणि त्या छापील कव्हरचा रागही आला.

सर्व्हेची पद्धत सोपी आहे. दर अर्ध्या तासाने रस्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायचं आणि उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीच्या नंबरातले शेवटचे चार आकडे लिहायचे. सकाळी नऊ ते रात्री आठ, तीन दिवस. त्यातून टर्नओव्हर कळतो, म्हणजे एक जागा दिवसभरात किती गाड्यांच्या उपयोगी पडली ते. सलूनमधली खुर्ची डोळ्यांसमोर आणा. दर अर्ध्या तासाला माणूस बदलला तर दुकान चालतं. एकच माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसून राहिला तर खुर्च्या कमी आहेत असं म्हणता येत नाही.

पहिल्या दिवशी मी स्कूटरवरून आले तेव्हा लावायला खरंच जागा नव्हती. शेठनी दुकानातल्या माणसाला हाक मारली. त्याने समोर आडवा पडलेला एक बीम बाजूला सरकवला. लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, ज्या जाड लोखंडी रुळावर सूत गुंडाळलेलं असतं, त्याला बीम म्हणतात. "ही मॅडमची जागा. तीन दिवस कोनी हात लावायचा न्हाय," शेठ म्हणाले. मला मान दिल्यासारखं वाटलं. उगाच कशाला खोटं बोला, चांगलंच वाटलं.

लिहायला माझ्याबरोबर लतीफभाई होते. तीस वर्षं लूमवर काम केलेला माणूस. त्या खडखडाटात एक कान गेला, पण नजर अजून शाबूत. हजार धाग्यांतला तुटलेला एक धागा ओळखायची सवय असल्यामुळे त्यांच्याकडून नंबर चुकत नाही. मी त्यांना एकच नियम सांगितला होता, जो दिखे वो लिखो.

तिसऱ्या फेरीला ते थांबले.

"मॅडम, ऊपरवाला ही कॉपी कर दूँ क्या? सब वही है."

"नाही लतीफभाई. हर बार देखके लिखना है."

"देख ही रहा हूँ. गाडियाँ भी मुझे देख रही हैं."

दुपारी एकला थोड्या गाड्या हलल्या. मालक जेवायला घरी गेले. मला वाटलं, आता गिऱ्हाइकांच्या गाड्या लागतील. तेवढ्यात त्या त्या दुकानातून माणूस बाहेर आला आणि रिकामा बीम गडगडवत आणून त्या जागेवर आडवा टाकून आत गेला. मालक परत येईपर्यंत जागा राखायची ही इथली पद्धत. कुणी बोर्ड लावत नाही, कुणी भांडत नाही. बीम दिसला की गिऱ्हाईक आपली गाडी घेऊन पुढे जातं, पुढे जाता जाता थेट कल्याणला पोचतं आणि तिथेच कापड घेतं. माझ्या फॉर्ममध्ये बीमसाठी कॉलम नव्हता. लतीफभाईंनी गाडीच्या नंबराच्या रकान्यात नुसतं 'बीम' लिहिलं.

तीन दिवसांनी ऑफिसच्या कॉम्प्युटरने यादी काढली. रस्त्यावरच्या निम्म्याहून जास्त जागांवर दिवसभर त्याच त्या गाड्या होत्या, आणि त्यातल्या बहुतेक दुकानदारांच्याच. यादीत पहिली गाडी शेठची. सकाळी दुकान उघडायच्या आधी लागायची आणि शटर पडल्यावर हलायची. मी वरच्या चार ओळी वाचल्या, खूश झाले आणि खाली बघितलंच नाही.

ठाण्याला आमचे सर बसतात. त्यांना फोन केला.

"अगं साळवी, क्लायंट आहे तो," सर म्हणाले. "त्याच्याच रिपोर्टात त्याचंच नाव?"

"मोजणी खरी आहे, सर."

"मोजणी राहू दे. नावं काढून टाक. फक्त शेवटचे चार आकडे ठेव. कुणाला काय कळणार आहे?"

सर जन्माने दादरचे. मी कल्याणची. भिवंडीत गाडी आधी येत नाही, आधी नंबर येतो. मनासारखा नंबर मिळाला की मग त्याला शोभेल अशी गाडी शोधतात. लग्नपत्रिकेवर गणपती आणि गाडीवर नंबर, दोन्ही बघूनच घर ओळखायचं. हे सगळं मला ठाऊक होतं. मी "बरं, सर" एवढंच म्हटलं.

मीटिंग मंडळाच्या ऑफिसात झाली. पंधरा-वीस व्यापारी, चहा, फरसाण. मी यादी पडद्यावर टाकली. नावं नाहीत, नुसते आकडे.

"शून्य शून्य शून्य एक," मी वाचलं. "तिन्ही दिवस. पूर्ण वेळ."

सगळ्यांनी अनंतशेठकडे पाहिलं. अनंतशेठनी फरसाणाकडे पाहिलं.

"चार वेळा सात."

"आरं, हा तर आपला किशोर!" मागून कुणीतरी ओरडलं. "आनि मना बोलतो तुझ्या टेम्पोनं रस्ता अडतो!"

"तुझा डबल नाईन डबल नाईन काय उडत येतो काय?" किशोरशेठ उसळले.

पुढचे नंबर मला वाचावेच लागले नाहीत. हजेरी घ्यावी तसे ते एकमेकांची नावं पुकारत होते. कुणाच्या बीममुळे कुणाचं गिऱ्हाईक गेलं याची उजळणी सुरू झाली. माझं काम फत्ते झालं होतं. मी चहाचा कप उचलला.

तेवढ्यात अनंतशेठनी यादीच्या खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

"आनि हा पाच आठ दोन तीन कोनाचा? दिवसभर उभी हाय, तिन्ही दिवस. साधा नंबर हाय. आपल्यातली न्हाय ही गाडी."

कुणालाच ओळखता येईना. असला नंबर बाजारात कुणी घेणार नाही यावर सगळ्यांचं एकमत झालं, त्या दिवसातलं पहिलंच. मी पडद्याकडे नीट पाहिलं आणि माझे कान गरम झाले. मी शेजारी बसलेल्या लतीफभाईंकडे वळले.

"आपने बोला था, जो दिखे वो लिखो," ते शांतपणे म्हणाले.

नाकारायची सोय नव्हती. खिडकीतून खाली स्कूटर दिसत होती.

"माझी आहे," मी म्हटलं.

हसण्याचा असा काही स्फोट झाला की खालच्या दुकानातली माणसं वर बघायला आली. अनंतशेठ सगळ्यात जास्त हसले. ते हसणार हे बरोबरच होतं, पण मला फार लाज वाटली. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या मोजणारी बाई, आणि मानाची जागा मिळाली म्हणून तीन दिवस त्या जागेवर ठाण मांडून बसली होती. पण लाज वाटली म्हणून गप्प बसले असते तर ते मैदान गेलं असतं.

"उद्यापासून मी लांब लावते," मी म्हटलं. "तुमच्यातलं कोण कोण लावतंय?"

हसणं थांबलं. शेवटी उत्तर किशोरशेठनी दिलं, आणि ते शेठना अडकवण्यासाठीच दिलं. अनंतशेठचीच एक बंद पडलेली लूमशेड बाजारापासून दहा मिनिटांवर आहे. तिचं आवार रिकामंच आहे. मालकांच्या गाड्या तिथं लावाव्यात, रस्त्यावर बीम टाकू नये, गिऱ्हाइकाला दोन तास जागा. वीस जणांसमोर अध्यक्षांना नाही म्हणता येईना. मी तिथल्या तिथे लिहून घेतलं आणि सह्या घेतल्या. टॉवरच्या प्रस्तावावर 'तूर्त गरज नाही' असा शेरा गेला. छापील कव्हर मी आतून रफ कामाला वापरलं.

परवा भिवंडीला काम होतं. रस्त्यावर गाड्या येत-जात होत्या. बीम एकही नव्हता. शूज खराब होतात अशी तक्रार करत अनंतशेठ रोज चालत येतात, आणि विचारणाऱ्याला डॉक्टरांनी चालायला सांगितलंय असं ऐकवतात. मी स्कूटर लूमशेडच्या आवारात लावली आणि घाम पुसत मैदानावर गेले.

हिराबाईंच्या जागेवर हिराबाई नव्हत्या. तिथं एक लोखंडी बीम आडवा पडला होता.

थोड्या वेळाने त्या चहा पिऊन आल्या. "जागा धरून ठेवलीय, बाय," म्हणाल्या. "शेटकडून मांगून घेतला. त्यांच्या माणसानंच गडगडवत आनून दिला. त्यांना आता लागत न्हाय."

मी भेंडी घेतली आणि दहा मिनिटं चालत स्कूटरपाशी आले. आता सर्व्हेला निघताना फॉर्मच्या पहिल्या ओळीत मी माझाच नंबर लिहिते. बीमसाठी शेवटी एक कॉलमही ठेवलाय.