तेवढ्यापुरता उपाध्यक्ष

बाबा नागपूरहून आमच्याकडे आयर्लंडमधल्या मलिंगारला आले आणि आठवड्यातच त्यांचं पित्ताशय काढायची वेळ आली. ऑपरेशन सुरू होतं. बायको मुलीजवळ घरी होती आणि मी सकाळपासून उपाशीच हॉस्पिटलच्या वेटिंग रूममध्ये दाराकडे डोळे लावून बसलो होतो.

शेजारी एक आयरिश आजोबा होते. गुडघ्यावर टोपी, आणि तिची कड ते बोटांनी सारखी फिरवत होते. अमेरिकेचे अध्यक्ष हा त्यांचा आवडता विषय. कुठल्या अध्यक्षाचे पूर्वज आयर्लंडमधल्या कुठल्या गावचे, हे ते न विचारताच सांगत होते. मी नुसती मान हलवत होतो.

मग ते म्हणाले, "अध्यक्षाला भूल द्यायची असली ना, तर तो तेवढ्यापुरती सत्ता उपाध्यक्षाकडे सोपवतो. जागा झाला की परत घेतो. तूही तुझी काळजी जरा वेळ माझ्याकडे दे आणि काहीतरी खाऊन ये. दाराकडे मी बघतो."

मला हसू आलं, आणि मी खरंच गेलो.

परत आलो तर नर्स माझीच वाट पाहत होती. "बाबा शुद्धीवर आलेत. सगळं ग्रँड आहे." ग्रँड म्हणजे इकडच्या बोलीत एकदम ठीक. मी आजोबांशेजारी येऊन बसलो.

"तुमचं कोण आहे आत?" आजोबांना हे विचारायचं मला तेव्हा कुठे सुचलं.

"बायको," ते म्हणाले.

बाबांना भेटून मी पुन्हा त्यांच्याजवळ येऊन बसलो. दुपारी नर्सने त्यांनाही तशीच बातमी दिली. त्यांनी माझा हात घट्ट धरून ठेवला.