कडक गोळीवाले मामा

मामांना शिंक आली की पाठोपाठ कॅप्सूल यायची. डॉक्टरची चिठ्ठी नाही, तपासणी नाही. मेडिकलवाल्याला नुसतं "कडकवाली दे" म्हणायचं, दोन खायच्या आणि बरं वाटलं की उरलेल्या खिशात.

माझे हे धाकटे मामा सुप्याला एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन होते. नोकरी ठेकेदाराकडची, त्यामुळे आजारी पडायची सोय नव्हती. "आपुन एक दिस न्हाई दिसलो, की आपल्या जाग्यावर दुसरा हुबा ऱ्हातो," असं म्हणत, आणि ते खरंही होतं. अंगात ताप असला तरी गोळी गिळून मामा ड्यूटीवर हजर.

उरलेल्या गोळ्या मात्र कर्णाच्या थाटात वाटत. गल्लीत कुणाचं पोर तापानं फणफणलं की मामा दारात उभे. कॅप्सूल उघडून अर्धी पूड मधात कालवायची, हा त्यांचा स्वतःचा शोध. मीही ती चाटली आहे. हा माणूस खिशात दवाखाना घेऊन हिंडतो, म्हणून मामी करवादायची. माणूस फार मायाळू होता हो, दुसरं काय!

यंदाच्या थंडीत खोकल्यावर अशाच गोळ्या घेतल्या आणि जुलाब लागले. जुलाबांवर त्यांनी आणखी कडक गोळ्या घेतल्या. नगरला दवाखान्यात नेलं तोवर धिप्पाड मामांचं नुसतं चिपाड झालं होतं. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समजावलं. आतड्यात चांगले जंतू दाटीनं राहतात, म्हणून रोगाच्या जंतूला तिथं पाय ठेवायला जागा मिळत नाही. सारख्या अँटिबायोटिक गोळ्यांनी ते चांगले जंतूच मेले आणि मोकळ्या जागेत हा वाईट जंतू माजला. मामा म्हणाले, "म्हंजी राखनदारच मारले म्या."

उपचार चालू होते, पण अंगात त्राण उरलं नव्हतं. शेवटच्या दुपारी त्यांनी माझं मनगट धरलं. मला वाटलं, मामीविषयी काही सांगायचं असेल.

"लोकांच्या पोरांस्नी दिल्या रं म्या," ते म्हणाले. "इवल्या इवल्या पोटांस्नी."

त्यांच्या डोळ्यांतलं पाणी कानांकडे ओघळत होतं. माझा जीव तुटत होता. सगळी पोरं धडधाकट आहेत मामा, असं मी गल्लीतल्या एकेकाचं नाव घेऊन सांगत राहिलो. नावं संपायच्या आत मामा गेले.