मीरा रोडला आईला स्वप्न पडेना

आईच्या पित्ताशयात खडे झाले आहेत हे सोनोग्राफीत दिसलं, तेव्हा डॉक्टरांनी सरळ सांगितलं की ऑपरेशन लवकर करून घ्या, आत पू झाला तर जिवावर बेतेल. आईने पदर सावरला आणि म्हणाली, "करू की. आधी स्वप्न पडू द्या."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्या टेबलावरच्या पेनस्टँडकडे बघत राहिले.

आम्ही जालन्याकडच्या एका खेड्यातले ख्रिस्ती. आमच्या घरात मोठा निर्णय स्वप्नाशिवाय होत नसे. शास्त्रात, म्हणजे बायबलात, देव राजांशी, कैद्यांशी, वाटसरूंशी स्वप्नात बोलतो, तर आपल्याशीच का बोलणार नाही, असं आईचं साधं म्हणणं. नियम एकच, तेच स्वप्न दोनदा पडलं पाहिजे. एकदा पडलेलं रात्रीच्या वांग्याचं, दोनदा पडलेलं देवाचं.

यावर हसायचा अधिकार मला नाही. माझी दहावी झाली तेव्हा मामांनी स्थळ आणलं होतं. त्याच आठवड्यात आईला स्वप्न पडलं की मी एका लोखंडी कपाटावर चढून बसले आहे, डोक्यावर पातेलं आहे आणि कोणी कितीही बोलावलं तरी मी उतरत नाही. काही दिवसांनी पुन्हा तेच. तेच कपाट, तेच पातेलं. आमच्या घरात तेव्हा कपाट नव्हतंच, कपडे दोरीवर असायचे. आईने अर्थ लावला, पोरगी वर चढणार, तिला उतरवू नका. मामा म्हणाले, "अगं पण पातेलं कशाचं?" आई म्हणाली, "ते कळंल पुढं." मला मिशनच्या वसतिगृहात ठेवलं. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. पदवीदानाला आमच्या डोक्यावर त्या काळ्या टोप्या चढवल्या, तेव्हा आईने मामांना कोपराने ढोसलं. "हे बघ पातेलं."

माझी पदवी, ऑफिसातली नोकरी, मीरा रोडचा हा छोटा फ्लॅट, सगळं त्या पातेल्यावर उभं आहे. त्यामुळे आई म्हणाली स्वप्न पडू द्या, तर मीही मनापासून वाट बघू लागले.

स्वप्न पडेना. गावाला आईला रोज काही ना काही दिसायचं, म्हैस, विहीर, मेलेली आत्या. इथे आल्यापासून काही नाही. तिने उशीची दिशा बदलली. हॉल सोडून स्वयंपाकघरात झोपून बघितलं. रात्री जेवण सोडलं. एका सकाळी म्हणाली, "सातव्या मजल्यावर स्वप्न चढत नसंल बाई. रात्री लिफ्ट बंद करतेत का?"

"नाही आई, रात्रभर चालू असते."

"मग वॉचमन सोडत नसंल."

तेवढ्यात पोटात कळ आली. ओट्याची कड धरून ती वाकली. कळ जाईपर्यंत मी तिची पाठ चोळत उभी होते. ओठ पांढरे पडले होते. सरळ झाल्यावर तिने आधी गॅस बारीक केला, मग मला म्हणाली, "तुझी बस जाईल."

शुक्रवारी आमच्या घरी प्रार्थनेला मंडळी जमतात. आमचे पाळकसाहेब शांत, सडपातळ माणूस, बोलण्याआधी चष्मा पुसतात. मी त्यांच्यापुढे अडचण मांडली. ते म्हणाले, "मावशींना पडत नसेल तर दुसऱ्या कोणाला तरी पडो, अशी आपण प्रार्थना करू."

ही चूक झाली. प्रार्थना ऐकली गेली आणि सगळ्यांनाच स्वप्नं पडू लागली.

पुढच्या शुक्रवारी पहिल्या बोलल्या त्या भाईंदर पश्चिमेला शिवणकाम करणाऱ्या ताई. "मी मावशींना रिक्षात बघितलं. रिक्षा कोंबडी चालवत होती."

कोणी हसलं नाही. पाळकसाहेबांनी चष्मा पुसला. "रिक्षा कुठे चालली होती?"

प्रश्न बरोबर होता. हॉस्पिटल काशीगावच्या बाजूला आहे, स्टेशनच्या उलट दिशेला.

"स्टेशनकडे," ताई म्हणाल्या. म्हणजे ऑपरेशन नको, सगळ्यांनी सुस्कारा सोडला. "पण शेअरची होती."

"आत किती जण होते?" मागून कोणीतरी विचारलं.

"मावशी एकट्याच. आणि पुढे कोंबडी."

"मग ती निघालीच नसेल! शेअरवाला भरल्याशिवाय सोडतो का? देव सांगतोय, थांबा."

"अहो, कोंबडीला काय नियम? ती निघाली असेल."

"कोंबडीने हॅन्डल कसं धरलं होतं?" हे मी विचारलं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

चहा दोनदा झाला तरी रिक्षा जागची हलली नाही. तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधल्या काकू विरजण मागायला आल्या. त्या रत्नागिरीकडच्या, घरात गणपती, पण आईशी त्यांचं मेतकूट. दारात वाटी धरून त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अगो, मला पण पडलं की स्वप्न! तुझी आई माझ्या किचनमध्ये तांदूळ निवडत होती. आणि परातीत बघते तर सगळे खडेच. तांदळाचा दाणा एकच."

खोलीत कुजबुज झाली. ताई एकदम उठून उभ्या राहिल्या. "माझी कोंबडी पण खडेच टिपत होती!"

"हे मघाशी नाही सांगितलंत," पाळकसाहेब म्हणाले.

"आत्ता आठवलं."

"रिक्षा चालवता चालवता टिपत होती?"

"सिग्नलला," ताई ठामपणे म्हणाल्या.

दोन स्वप्नं झाली, खडे दोन्हीकडे होते. आता प्रश्न उरला की गणपतीवाल्या काकूंचं स्वप्न धरायचं का. पाळकसाहेबांनी बराच विचार करून सांगितलं, शास्त्रात ज्या राजांना स्वप्नं पडली तेही आपल्यातले नव्हते, तेव्हा धरायला हरकत नाही. काकूंनी वाटी छातीशी धरली. "म्हणजे मी राजा झाले? आमच्या ह्यांना सांगा जरा, मला शेजारीण पण समजत नाहीत."

सगळे आईकडे बघू लागले. आई भिंतीला टेकून बसली होती, हात पोटावर.

"तुम्हा दोघींना पडलं, प्रभूचे उपकार," ती म्हणाली. "पण पोट माझं हाय. कापणार मला. मला नको का सांगायला?"

पुढच्या आठवड्यात कळ अशी आली की ती फरशीवरच बसली. दुपारी रिक्षा करून मी तिला काशीगावच्या त्या हॉस्पिटलात नेलं. ती वाटेत बजावत होती, तपासण्या करून घेईन, कापाकापी नाही. रक्त झालं, ईसीजी झाला, मग भूल देणाऱ्या डॉक्टर आल्या. माझ्याहून लहान मुलगी. तिने दम्याचं, साखरेचं, कवळीचं विचारलं आणि म्हणाली, "तुम्हाला काही विचारायचंय, आजी?"

"भुलीत स्वप्न पडतं का?"

"बहुतेक कोणाला काही आठवत नाही. वेळ गेलेलाही कळत नाही. डोळे मिटले, डोळे उघडले, झालं."

"मग तेवढ्या वेळात मी कुठं असते?"

"इथेच की. टेबलवर."

"ते नुसतं धड झालं. मी कुठं?"

डॉक्टरने फाईल उघडली, पुन्हा मिटली. "आजी, आम्ही सगळे तिथे असतो," ती म्हणाली. खरंच चांगली मुलगी होती.

आम्ही घरी आलो. चप्पल काढता काढता आई म्हणाली, "मरणाचं भ्या नाय मला. जागेपणी मी त्याला हाक मारते. झोपेत तो येतो. पण जिथं जाग नाय आन् झोप बी नाय, तिथं मला कोण हुडकणार?"

तेव्हा मला कळलं की ती होकार-नकाराची वाट बघतच नव्हती. ऑपरेशन करायचं हे तिला केव्हाच पटलं होतं. त्या कोऱ्या वेळात आपण एकट्या नसू, एवढंच तिला कोणाकडून तरी हवं होतं. आणि याचं उत्तर माझ्या पदवीत कुठेच नव्हतं.

मी पाळकसाहेबांना फोन केला. ते संध्याकाळी आले. मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला, घातला, परत काढला.

"मावशी, एक सांगतो, मंडळीत बोलू नका. मला आयुष्यात एकही स्वप्न पडलेलं नाही."

आईने तोंडावर हात ठेवला. "लहानपणी बी?"

"कधीच नाही. आडवा झालो की संपलं. मध्ये काही नसतं. ना देव दिसतो, ना कोंबडी. लोक येऊन स्वप्नं सांगतात, मी अर्थ सांगतो, आणि घरी जाऊन दगडासारखा पडतो."

"बाई गं," आई हळहळली. "मग रोज रात्री तुम्ही तिथंच जाता?"

"रोज."

"आन् भ्या?"

"पहिली काही वर्षं भीती वाटायची. मग लक्षात आलं, मी सकाळी उठतो ते काही मी स्वतःला उठवत नाही. मला तिथे तो दिसत नाही. त्याला मी दिसत असणार."

आई बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली, ताप आलेल्या मुलाकडे बघावं तशी. मग म्हणाली, "तुमच्यासाठी कोणी प्रार्थना केली न्हाई का हो?" आणि स्वतःचं दुखणं विसरून तिने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्यांना एखादं तरी स्वप्न पडावं, लहानसं चालेल, म्हणून मोठ्याने प्रार्थना केली. पाळकसाहेब मान खाली घालून बसले होते. आमेन झाल्यावर आई मला म्हणाली, "डॉक्टरला फोन लाव. हे गरीब रोज जाऊन येतेत, मला एकदा जायला काय झालं?"

ऑपरेशन व्यवस्थित झालं. ती घरी आल्यावरच्या पहिल्या शुक्रवारी हॉल इतका भरला की काकू ओट्यावर चढून बसल्या. सगळ्यांना आईची साक्ष, म्हणजे तिला आलेला देवाचा अनुभव, ऐकायची होती. एवढ्या गाढ झोपेत तिला मोठंच काही दिसलं असणार, अशी सगळ्यांची खात्री होती. आई टाके सांभाळत उभी राहिली.

"मला काही दिसलं नाही," ती म्हणाली.

ताई पुढे सरकल्या. "उजेड तरी?"

"न्हाई."

"काळोख?"

"काळोख बी न्हाई. काळोख असता तर निदान सांगता आलं असतं."

"आवाज? कोणी हाक मारली?"

"अगं काहीच न्हाई म्हणते ना!"

ताईंचा चेहरा उतरला. "मग मावशी, तो तिथे होता कशावरून म्हणायचं?"

"मला माघारी कोणी आणलं मग? तू आलतीस?"

मंडळी हसली. आमेन म्हणावं की नाही हे कोणाला कळेना. शेवटी एकच आमेन आला, भिंतीजवळून, पाळकसाहेबांचा, इतका मोठ्याने की ओट्यावरच्या काकू दचकल्या आणि त्याही आमेन म्हणून गेल्या.