डाव्या चाकाचा शनिवार

माझ्या सासूबाईंना गाडी चालवता येत नाही, असा निकाल आमच्या घरात लागला. तो दिला कोणी? ज्यांनी जन्मात चारचाकीचं स्टेअरिंग हातात धरलं नाही, त्या दिलीपकाकांनी! आजही आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

सासूबाईंचं नाव जयश्री, पण माधव नगरात सगळे त्यांना जयूकाकू म्हणतात. शाळेत भूगोल शिकवायच्या. सासरे रेल्वेत, आज इथे तर उद्या तिथे, म्हणून गाडी आईंनीच शिकून घेतली. सासरे आजारी पडले तेव्हा त्यांना इंदूरला दवाखान्यात नेलं-आणलं ते आईंनीच, भर पावसातसुद्धा. ते गेले, पांढरी गाडी राहिली. त्याच गाडीतून आई टावर चौकात बाजाराला जातात, दर रविवारी शेजारच्या मंगलाकाकूंना नदीवर, रामघाटावर घेऊन जातात. किल्ली पर्समध्ये असली की त्यांना कोणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. मुलगा कधी मोकळा होईल, दीर सोडतील का, असले प्रश्नच त्यांना पडत नाहीत.

ती गाडी ब्रेक दाबला की किंचाळायला लागली. सगळा रस्ता मान वळवून बघायचा. शिवाय ब्रेक लागताना गाडी उजवीकडे ओढायची. आईंनी हे घरी सांगितलं तर दिलीपकाका हसले. काका म्हणजे सासऱ्यांचे धाकटे भाऊ, बँकेतून रिटायर झालेले, वरच्या मजल्यावर राहणारे. "वहिनी, जुनी गाडी आहे, आवाज तर करणारच ना," म्हणाले. आणि मग हळूच, आम्हाला ऐकू जाईल इतपत, "हात थरथरतात आता. स्टेअरिंग सरळ राहत नाही, मतलब उम्रच झाली."

आईंचे हात थरथरत नाहीत. त्या अजून मोदकाच्या कळ्या पाडतात.

त्यांनी मला शेजारी बसवलं, दोन्ही काचा खाली केल्या आणि कॉलनीच्या लांब भिंतीच्या कडेने गाडी हळू नेली. भिंत डावीकडे असताना ब्रेक दाबला तर आवाज कानात घुसला. परत येताना भिंत उजवीकडे, तर तोच आवाज निम्मा. "डावं पुढचं चाक," आई म्हणाल्या. "आणि त्या चाकाचा ब्रेक नीट धरत नाहीये, म्हणून गाडी उजवीकडे जाते. माझ्या हाताचा काय संबंध?"

गॅरेजवाल्याला त्यांनी हे असंच्या असं सांगितलं. तो ऐकत होता आईंचं आणि बघत होता माझ्या नवऱ्याकडे, हर्षलकडे. ब्रेकचे पॅड बदलले, आवाज गेला. रविवारी सकाळी मंगलाकाकूंना घेऊन निघाल्या तर पुन्हा तेच किंचाळणं. दुसऱ्यांदा गॅरेजवाला आईंशी बोललासुद्धा नाही. "भैया, गाडी में कुछ नहीं है. आंटीजी ब्रेक पे पैर रखके चलाती होंगी." झालं! मेकॅनिकच बोलला म्हटल्यावर काकांना आणखी काय हवं होतं? हर्षलने गाडीची किल्ली खिशात घातली ती परत दिलीच नाही. काकांनी एक गिऱ्हाईकही शोधून ठेवलं. येत्या रविवारी तो गाडी बघायला येणार होता.

मी हर्षलला म्हटलं, "अरे, आईंना एकदा विचारलंस तरी का?"

"यार पल्लवी, तिच्याच भल्यासाठी करतोय ना. कुठे ठोकली म्हणजे?"

हे 'भल्यासाठी' मला अगदी नकोसं झालंय. आपल्याकडे बाईच्या हातातलं काहीही काढून घ्यायचं असलं की आधी तिचं भलं पुढे करतात.

आई भांडल्या नाहीत. दोन दिवस गॅलरीत बसून खाली उभ्या गाडीकडे बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "पल्लवी, रविवारी आवाज सगळ्यांत जास्त. आठवडाभर चालवली की कमी होत जातो. पुढच्या रविवारी परत पहिल्यासारखा. गाडीला वार कळतो का गं?"

त्या टॉर्च घेऊन खाली गेल्या. चाकाच्या लोखंडी रिमला जी भोकं असतात त्यांतून आतली ब्रेकची चकती दिसते. उजव्या चाकाची चकती कोरडी, लखलखीत होती. डाव्या चाकाची ओशट, काळी, धूळ चिकटलेली. मी म्हटलं, ब्रेकचं ऑइल गळत असेल. आईंनी मला हर्षलकडून तेवढ्यापुरती किल्ली आणायला लावली, बॉनेट उघडून ऑइलची डबी पाहिली, ती खुणेपर्यंत भरलेली होती. मग भोकातून बोट घालून चकतीवर फिरवलं, वास घेतला आणि बोट माझ्या नाकापुढे धरलं.

मोहरीचं तेल. आपण लोणच्यात घालतो ते.

माझ्या डोक्यात काही येईना. आईंच्या आलं असावं, कारण त्या एवढंच म्हणाल्या, "शनिवारी हर्षलला बाहेर जाऊ देऊ नकोस."

शनिवारी दुपारी आम्ही तिघं गॅलरीत चहा घेत होतो. दिलीपकाका दर शनिवारी त्रिवेणी संगमावरच्या देवळात शनीला तेल वाहायला जातात. त्यांची स्कूटर फाटकातून आत आली आणि रोजच्या जागी, गाडीच्या डाव्या अंगाला उभी राहिली. काकांनी डिकीतून बाटली काढली, चपला बाजूला सोडल्या, गाडीच्या पुढच्या चाकाशी वाकले आणि भोकातून अगदी भक्तिभावाने आत तेलाची धार सोडली. वर हातही जोडले.

हर्षलचा कप हातातच राहिला. आई उठल्या आणि जिना उतरल्या. आम्ही मागोमाग.

"भाऊजी, हे काय?"

काका जराही चपापले नाहीत. उलट कौतुकाची वाट बघत असल्यासारखे म्हणाले, "वाहिलेल्यातलं थोडं घरी आणतो वहिनी. शनी म्हणजे लोखंड, गाडी म्हणजे लोखंड. टायर तर रबराचा, वरून लावून काय फायदा? लोखंडाला लागायला पाहिजे ना, म्हणून आत सोडतो. तुम्ही गाडी घेऊन निघता, मला टेन्शन येतं. म्हटलं, रक्षण राहील."

"काका, तो ब्रेक आहे!" हर्षल ओरडला. "ब्रेकला तेल पाजताय तुम्ही! आई दर रविवारी मंगलाकाकूंना घेऊन यात बसत होती!"

"अरे, मला काय माहीत? भावना तर चांगली होती ना माझी?"

आणि हर्षल, माझा नवरा, नरमला! "हो, ते तर आहेच," असं पुटपुटला. म्हणजे काकांची भावना चांगली, म्हणून विषय संपला. ज्या बाईच्या हाताला, वयाला, अकलेला नावं ठेवली, तिच्याबद्दल चकार शब्द नाही. मी तोंड उघडणार तेवढ्यात आईंनी मला हातानेच थांबवलं.

त्यांनी काकांच्या हातातली बाटली घेतली. शेजारी उभ्या स्कूटरकडे बघितलं. तिच्या चाकांवर त्रिवेणीची कोरडी धूळ होती.

"भाऊजी, ही पण लोखंडाचीच आहे. हिला कधी लावलंत तेल?"

"स्कूटरला?" काकांना प्रश्नच कळला नाही. ते अगदी सहज म्हणाले, "स्कूटरला कशाला? ती तर मी चालवतो."

काका आमच्या तिघांच्या तोंडांकडे बघत राहिले. आपण काय बोललो ते त्यांना तेव्हाही कळलं नव्हतं.

हर्षलला मात्र कळलं. त्याने मान खाली घातली, खिशातून किल्ली काढून आईंपुढे धरली आणि म्हणाला, "आई, मी पण हेच समजत होतो गं."

आईंनी किल्ली घेतली, पर्समध्ये टाकली आणि पर्सची चेन लावली. "आधी मेकॅनिकला इथे बोलाव," त्या म्हणाल्या. "आणि तो आला की त्याला सांग, बोलायचं ते माझ्याशी बोलायचं."