चोपणाचा बांध

धरणगावची कुंदाबाई नांदखेड्यात परटाच्या घरी लग्न होऊन आली, तेव्हा पहिल्याच फाल्गुनात सासूनं तिच्या हाती टोपलं-खुरपं दिलं आणि तिला चोपणात नेलं. चोपण म्हणजे गावाच्या उगवतीची, गिरणा नदीला मिळणाऱ्या नाल्याकाठची दहा-बारा एकर काळी जमीन. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, एवढं कसदार रान पडीक का टाकलंय? जवळ गेलं की कळायचं. उन्हाळ्यात ती माती दगडासारखी व्हायची आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडायच्या. वर पांढरी पापडी धरायची, जणू कुणी मीठ उधळलंय. सासू ती पापडी खरवडून घरी न्यायची, रांजणात भिजवायची आणि त्या पाण्यात गोधड्या घालायची. साबणानं न निघणारा मळ त्या पाण्यात सुटायचा. कुंदाबाईच्या हाताची कातडीही सुटायची. महिनाभरात बोटांना चिरा पडल्या, तेव्हा सासू म्हणाली, "ही माती मळ खाते तशी माणसालाही खाते. काम झालं की चिंचेच्या पाण्यानं हात धुवायचे."

पुढे धुण्याची पावडर आली, सासू गेली, नवरा तोताराम गेला. कुंदाबाईनं स्टँडजवळ इस्त्रीचं टेबल टाकलं. तरी बाळंतिणीच्या गोधड्या मात्र ती चोपणाच्या मातीनंच धुवायची, त्यामुळे त्या रानाशी तिचा संबंध कधी तुटला नाही. ते रान अभिमन नानांचं. नानांनी तिथं कापूस लावून पाहिला, गहू पेरून पाहिला. रोप बोटभर व्हायचं, पिवळं पडायचं आणि बसून जायचं. गिरणेला पूर आला की पाणी नाल्यातून मागं रेटायचं आणि चोपणात शिरायचं. शेजारच्या रानातलं पाणी दोन दिवसांत मुरायचं. इथलं महिना महिना उभं असायचं, गढूळच्या गढूळ, वर तेलकट काळा तवंग. त्यात गुरंही तोंड घालत नसत.

कालव्याचं पाणी आल्यापासून चोपण वाढायला लागलं होतं. कुंदाबाईच्या हे लक्षात आलं, कारण पापडी खरवडायला तिला पूर्वी कडेच्या बाभळींच्या पलीकडे जावं लागे, आता ती अलीकडेच मिळत होती.

तीन वर्षांपूर्वी नाल्यावर मातीचा बांध मंजूर झाला. काम रतिलालला मिळालं. रतिलाल भडगावचा ठेकेदार, माणूस वाईट नव्हता. मजुरांना वेळेवर चहा द्यायचा, कुणाला अरेतुरे करायचा नाही. बांधाच्या पोटात काळी माती घालायची आणि वरून मुरूम, असं ठरलं. काळी माती जवळच हवी होती. अभिमन नाना खूश होऊन म्हणाले, "माझं चोपण खोदा. न्या हवी तेवढी. तेवढीच ब्याद जाईल."

कुंदाबाईचा मुलगा हितेंद्र ट्रॅक्टर चालवायचा. त्याला चार महिन्यांचं काम लागलं. रोज सकाळी ट्रॉली भरून त्याचा ट्रॅक्टर इस्त्रीच्या टेबलासमोरून जायचा. एकदा वळणावर मातीचं एक ढेकूळ खाली पडलं. कुंदाबाईनं ते उचललं आणि ओळखलं. मग तिनं दोन तांबे घेतले. एकात परसातल्या मातीचं ढेकूळ टाकलं, दुसऱ्यात हे. परसातली माती फुटली, तळाशी बसली, वरचं पाणी नितळ झालं. दुसऱ्या तांब्यात ढेकळाच्या अंगातून धुरासारखं काहीतरी निघालं आणि पसरत गेलं. ढेकूळ फुटलं नाही, नुसतं नाहीसं होत गेलं. दुपारपर्यंत तांब्यात दुधाळ पाणी होतं. दुसऱ्या दिवशी सकाळीही ते तसंच होतं.

हितेंद्र जेवायला आला तेव्हा तिनं दोन्ही तांबे त्याच्यासमोर ठेवले.

"हितू, हाई माती बांधले नको. हाई पान्यामा इरघयी जास."

हितेंद्रनं तांब्यात डोकावून पाहिलं. "माय, साहेबनी माती पास करेल शे. तू कसाले डोकं लावस?"

"साहेबनी हात लाया व्हता का तिले?"

 हितेंद्र भाकरी मोडत राहिला.

तिला राहवेना. दुसऱ्या दिवशी ती बांधावर गेली. रतिलालनं तिला खुर्ची दिली, चहा मागवला आणि तिचं सगळं ऐकून घेतलं.

"अक्का," तो म्हणाला, "तुमच्या चोपणात पाणी महिनाभर उभं राहतं, मुरत नाही. खरं ना?"

"खरं."

"मग पाणी अडवायला याहून चांगली माती कुठली? मुरूम पाणी पिऊन टाकतो. ही एक थेंब सोडणार नाही."

 तो खोटं बोलत नव्हता. ती माती पाणी पोटात घेत नाही हे तिलाही ठाऊक होतं. पण तिला एवढंही ठाऊक होतं की भेग सापडली की तीच माती पाण्याबरोबर निघून जाते, मागं काही उरत नाही. रांजणात तिनं ते शेकडो वेळा पाहिलं होतं. रांजणातलं बांधाला कसं लावून सांगायचं, ते तिला जमेना. चहा पिऊन ती परत आली.

ग्रामसभेत बांधाच्या चालू कामाचा विषय निघाला, तेव्हा ती बायकांत मागं बसली होती. सरपंचांनी विचारलं, "कुणाला काही बोलायचं?" तिनं हात जमिनीला टेकला, उठायला म्हणून. समोर रतिलालच्या शेजारी हितेंद्र बसला होता, नवा शर्ट घालून. तोच शर्ट तिनं सकाळी इस्त्री केला होता. तिनं हात उचलून पदर सारखा केला. विषय मंजूर झाला.

बांध झाला. त्या वर्षी पाऊस बेताचा होता, बांध निम्माच भरला आणि टिकला. लोकांना बरं वाटलं. विहिरींना पाणी वाढलं. कुंदाबाईलाही वाटलं, आपलं चुकलं असेल. पण उन्हाळ्यात ती गोधड्या घेऊन नाल्यावर गेली तेव्हा बांधाच्या अंगावर उंदरांच्या बिळांसारखी भोकं दिसली. मुरूम ठिकठिकाणी सरकला होता. तिनं दोरीवर कपडे टाकायची काठी एका भोकात घातली. काठी चार हात आत गेली आणि कशालाच टेकली नाही. बिळात उंदीर असता तर लेंडी दिसली असती, उकरलेली माती दिसली असती. इथं काहीच नव्हतं. तोंड गुळगुळीत होतं, हात फिरवल्यासारखं.

तिनं हितेंद्रला सांगितलं. त्यानं रतिलालला सांगितलं. रतिलालनं माणसं पाठवून भोकं वरून मातीनं बुजवली. ती मातीही चोपणातलीच होती.

दुसऱ्या वर्षी भाद्रपदात बांध काठोकाठ भरला. गावानं नारळ फोडला. बांधाच्या खाली, नाल्याच्या काठाला चांद पिंजाऱ्याचं पत्र्याचं घर होतं. चांद गाद्या भरायचा. त्याची बायको मुमताज कुंदाबाईची जुनी मैत्रीण. दोघी एकाच दगडावर कपडे धुवायच्या. बांधाच्या पायथ्याला बोटभर पाणी झिरपायचं, अगदी नितळ, त्यावर दोघींचं भागायचं.

पितृपंधरवड्यातल्या एका सकाळी कुंदाबाई तिथं गेली आणि दगडाजवळ थांबली. झिरपणारं पाणी दुधासारखं होतं.

मुमताज घरातून बादली घेऊन आली. "क्या हुआ मावशी? पानी तो रोज झिरपता है."

"रोज असं येतं का?"

मुमताजनं पाहिलं. "नहीं. कल साफ था."

कुंदाबाईनं ते पाणी बोटांत घेतलं. साबणासारखं बुळबुळीत लागलं. ती मुमताजकडे वळली. "पोरीला घे. चांदभाईला घे. कागदपत्रं घे. वरच्या शाळेत जा. आत्ताच्या आत्ता."

चांद बाहेर आला. त्याच्या केसांत कापूस होता. त्याचा विश्वास बसेना. बांध तर जागच्या जागी उभा होता, वर दोन शेळ्या चरत होत्या. पण तेवढ्यात पाण्याची बोटभर धार मनगटाएवढी झाली, आणि ते तिघांनीही पाहिलं. मुमताजनं मुलगी मंतशाला उचललं. चांद नाल्याकाठच्या बाकीच्या सहा घरांकडे ओरडत पळाला.

कुंदाबाईनं हितेंद्रला फोन लावला. तो जवळच होता. दहा मिनिटांत मुरमाची भरलेली ट्रॉली घेऊन आला. रतिलालनंच त्याला फोनवर सांगितलं होतं, मुरूम टाक, भोक बुजव, मी निघालोच आहे. बांधाच्या वरून पाहिलं तर तळ्याच्या बाजूला पाण्यात एक लहानसा भोवरा फिरत होता. त्यावर पानं येत होती आणि खाली जात होती.

हितेंद्रनं ट्रॅक्टर बांधावर चढवला.

"हितू, वर नको जाऊ!" कुंदाबाई खालून किंचाळली. "बांधना पोटमा पोकय व्हयेल शे!"

इंजिनाच्या आवाजात त्याला ते ऐकू गेलं की नाही, हे त्यानं नंतरही कधी सांगितलं नाही. ट्रॅक्टर बांधाच्या मध्यावर आला आणि त्याची पुढची चाकं शांतपणे खाली गेली. धडाका नाही, काही नाही. वरचा मुरूम कवचासारखा फुटला, आणि खाली बांध नव्हताच. हितेंद्रनं उडी मारली. तो काठाच्या बाजूला पडला, आणि ट्रॉली त्याच्या उजव्या पायावरून घसरत खाली गेली. मग पाणी आलं.

कुंदाबाई बाभळीला धरून उभी होती. चांदचं घर तिनं जाताना पाहिलं. पत्रा आधी उचलला गेला, मग भरलेल्या गाद्या एकेक करून पाण्यावर आल्या, थोडा वेळ तरंगल्या आणि बुडाल्या. माणूस एकही गेला नाही. दोन शेळ्या गेल्या, ट्रॅक्टर गेला.

हितेंद्र दीड महिना धुळ्याला देवपुरातल्या एका दवाखान्यात होता. पाय राहिला, पण गुडघा वाकेना. कुंदाबाई खाटेजवळ बसून असायची. 'मी सांगितलं होतं' हे शब्द तिनं तोंडातून काढले नाहीत. एके दुपारी त्यानंच विचारलं.

"माय, तुले मालूम व्हतं. मंग सभामा तू का बर उठनी नही?"

ती त्याच्या पायावरचं पांघरूण नीट करत राहिली. मग म्हणाली, "तू तठे बसेल व्हता ना."

हितेंद्रनं तोंड भिंतीकडे केलं. मग त्यानं मागं न बघता हात पुढं केला, आणि तिनं तो धरला.

गावात चौकशी झाली. साहेब आले, फोटो काढले. रतिलालनं भडगावला दुसरं काम धरलं, पण तो एकदा दवाखान्यात येऊन गेला. दारात उभा राहिला, संत्री ठेवली, कुंदाबाईच्या पायाला हात लावला आणि गेला. मुमताज आणि चांद भडगावला चांदच्या भावाकडे राहायला गेले. नाल्यावरच्या दगडावर आता कुंदाबाई एकटीच धुणं धुवायची.

कार्तिकात नाल्याखालची शेतं वाळली. ही गावातली सगळ्यात चांगली जमीन, प्रेमराज पाटलांची आणि आणखी चार घरांची. बांधाबरोबर वाहून आलेली माती त्या शेतांवर वीतभर बसली होती. लोक म्हणत होते, गाळ आलाय, पीक जोमात येईल. प्रेमराजनं तर हरभरा पेरायची तयारी चालवली होती.

कुंदाबाई त्याच्या शेताच्या बांधावर जाऊन उभी राहिली. वाळलेल्या थराला बारीक भेगा पडल्या होत्या, आणि भेगांच्या कडांना पांढरं दिसत होतं. तिनं चिमूटभर उचलून थुंकीनं दोन बोटांत चोळलं.

"प्रेमराजभाऊ," ती मोठ्यानं म्हणाली, आजूबाजूच्या शेतातल्या माणसांनाही ऐकू जाईल असं, "हा गाळ नाही. हे चोपण आहे. हे खरवडून काढा, नाहीतर ह्याचा खार खालच्या मातीत उतरेल."

"एवढं सगळं? वीस एकर?"

"सगळं."

प्रेमराजनं मातीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. या खेपेला कुणी वाद घातला नाही. कृषी खात्याची माणसं येऊन माती घेऊन गेली. त्यांनी खार मारायला जिप्सम टाका, पाणी निघायला चर खोदा, असं सांगितलं. जिप्समच्या गोण्या यायला उशीर झाला. दोघांनी चर खोदले, तिघांनी खोदले नाहीत, कारण चर काढायचा तर पाणी खालच्या माणसाच्या शेतात जाणार होतं, आणि तो नको म्हणत होता. प्रेमराजनं निम्मं शेत खरवडलं आणि उरलेल्या निम्म्यात तसाच हरभरा पेरला. हरभरा बोटभर आला आणि पिवळा पडला.

पुढच्या आषाढात पाऊस फार झाला नाही. तरी त्या शेतांत पाणी साचलं. कुंदाबाई रोज सकाळी इस्त्रीचं टेबल मांडण्याआधी तिकडे जाऊन यायची. पाचव्या दिवशी पाणी होतं. नवव्या दिवशी होतं. चौदाव्या दिवशी प्रेमराज शेताच्या बांधावर बसलेला दिसला, चपला बाजूला काढून. पाण्यावर तेलकट काळा तवंग आला होता, आणि त्याची गाय काठापर्यंत जाऊन मागं फिरली.