यमूताईचा डावरा विळा

ताईच्या सासरहून, धसईहून निरोप घेऊन आलेला माणूस ओटीवर टेकलाच नाही. उभ्या उभ्या म्हणाला, "यमूबाय गेली... इळा लागला व्हता हाताला. धनुर्वात झाला." मी इकडे शहापूरला, दिवस ऐन कापणीचे. पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. माझ्या सख्ख्या बहिणीचं तोंडसुद्धा मला पाहायला मिळालं नाही. आता लोक भेटायला येतात आणि नशीब म्हणून उसासे टाकतात. नशिबाला उगाच कशाला बोल लावायचा?

ताई डावखुरी. खर्डीला, आमच्या माहेरी, त्याचं कोणाला काही वाटलं नाही. भात कापायचा विळा एकाच अंगाने घासलेला असतो, उजव्या हाताच्या माणसासाठी. तो डाव्या हातात घेतला की पातं भातावरून निसटतं आणि भात धरलेल्या हातावर येतं. ताईला पहिल्यांदा लागलं तेव्हा बाबा तिला थेट लोहाराकडे घेऊन गेले. त्याने तिला हवेतच कापून दाखवायला लावलं, मनगट कसं वळतं ते पाहिलं, आणि दुसऱ्या अंगाने घासून, दाते उलटे पाडून विळा करून दिला. मग काय, बाकीच्या बाया मागे! कोपराला कोपर लागू नये म्हणून तिला ओळीच्या टोकाला ठेवायचे, एवढंच. "ए डावरे, जरा दमानं गो!" असं त्या ओरडायच्या आणि ही हसत पुढे.

लग्नानंतर तो विळा तिने लुगड्यात गुंडाळून सासरी नेला. पहिल्याच कापणीला सासूने हातातून काढून घेतला. "लक्षुमी डाव्या हातानं कापतात काय? आमच्यात नाय चालत." विळा आढ्याला खोचला गेला. दरवर्षी खंडेनवमीला मात्र कोयत्या-कुऱ्हाडींबरोबर तोही खाली यायचा, हळदकुंकू लावून घ्यायचा आणि परत वर जायचा. पूजेला चालत होता, भाताला नाही! ताईने उजव्या हाताने रेटून पाहिलं, पण मागे पडली की आळशी ठरायची. मग सासूची पाठ वळली की तोच घरचा उजवा विळा डाव्या हातात घ्यायची... "बोटांवर नुसते वण झालेत गो," असं एकदा हसत म्हणाली होती. मला हसू आलं नाही. यंदा त्यातलाच एक घाव तिला घेऊन गेला.

बाराव्याला मी विळा मागितला. "ने बाय," सासू म्हणाली, "आमच्यात आता डावरं कोन नाय." तेवढ्यात पंगतीत बसलेल्या ताईच्या लहानग्या लेकीने भातात डावा हात घातला. सासूने त्यावर फटकन मारलं. पोर रडलीसुद्धा नाही. सवय झाली असावी.

विळा माझ्याकडे आहे. मला त्याने धड गवतही कापता येत नाही, तरी तेल लावून ठेवते. परवा कळलं, पोरीचा डावा हात आता फडक्याने बांधून ठेवतात. संक्रांतीला मी तिला आणायला जाणार आहे. देणार नाहीत, असं घरचे म्हणतात. तरी जाणार. विळ्याची मूठ ताईच्या डाव्या हाताने झिजलेली आहे... पोरीचा हात तिथे बसेपर्यंत ती मी बदलू देणार नाही.